वाचकांचे प्रश्न : जुन्या बाजारातील पारख

गेल्या अंकात आम्ही घरातील जुनी पितळी भांडी मोडीत न घालता वापरात कशी ठेवावीत याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे उलट बाजूने आलेली आहेत. दुसऱ्याच्या घरातून बाहेर पडलेली चांगली वस्तू आपल्याला स्वस्तात कशी मिळेल आणि ती घेताना फसगत कशी टाळावी, असे त्यांत विचारले आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून वर्षभर अनेक रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जातो. माझ्या शेजाऱ्यांना तेथे ठोक्याचे तांब्याचे घंगाळ, फिरकीचा तांब्या, सागवानी पाट अशा वस्तू अगदी थोडक्यात मिळाल्या. मी मात्र रिकाम्या हाताने परततो, आणि एकदा पितळेची म्हणून घेतलेली समई घरी आल्यावर लोखंडी निघाली. हा केवळ नशिबाचा भाग आहे का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : नशिबाचा भाग थोडा असतो, पण आपल्या शेजाऱ्यांकडे नशिबापेक्षा ओळख अधिक असावी असे आम्हाला वाटते. मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार काय किंवा मुंबईच्या भेंडी बाजारातील मटण स्ट्रीटचा चोर बाजार काय, तेथे वस्तूंचा इतका मोठा ढीग असतो की सगळेच पाहू जाणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून पहिले काही महिने आपण एकच प्रकार धरावा. तांब्यापितळेची भांडी आवडत असतील तर तेवढीच पाहावीत, आणि घेण्याची घाई न करता ती हातात घेऊन त्यांचे वजन, जाडी, काठ, कान आणि बूड यांची सवय हाताला लावून घ्यावी. डोळा तयार करण्यासाठी पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखी दुसरी जागा नाही. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून जमवलेले दिवे, अडकित्ते, भांडी आणि लाकडी कोरीव काम तेथे आहे. जुन्या कारागिराचा हात कसा चालत असे, हे तेथे दोन-तीन फेऱ्या मारल्यावर जितके कळते तितके कोणत्याही सल्ल्याने कळणार नाही.

आता आपल्या समईविषयी. खिशात एक लहानसे लोहचुंबक नेहमी असू द्यावे. पितळ, तांबे आणि कांसे यांना ते चिकटत नाही, त्यामुळे पितळेचा मुलामा दिलेले लोखंड जागच्या जागी उघडे पडते. मात्र चुंबक चिकटले नाही म्हणजे पितळच, असेही समजू नये, कारण जस्ताच्या हलक्या मिश्रधातूवर मुलामा दिलेल्या वस्तूंनाही ते चिकटत नाही. अशा वेळी आटे असलेला भाग उघडून आतली न घासलेली धातू पाहावी. समई किंवा दीपमाळ वजनावर घ्यायची असेल तर बैठक उलटी करून पाहिलीच पाहिजे, कारण ती आतून पोकळ असून वाळू, लाख किंवा सिमेंट भरून जड केलेली असू शकते, आणि मग आपण वाळूला पितळेचा भाव देऊन बसतो. कांस्याच्या ताटवाटीला बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारावी. चांगल्या कांस्याचा नाद लांबवर रेंगाळतो, तर चिरलेल्या भांड्याचा आवाज बद्द येतो.

भावाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. बाजाराला निघण्यापूर्वी त्या आठवड्यातील तांब्याचा आणि पितळेचा मोडीचा भाव आपल्या भागातील भांड्यांच्या दुकानात विचारून घ्यावा. मोडीचा भाव म्हणजे भांडे वितळवण्यासाठी घेताना मिळणारी किंमत. चांगल्या घडणीचे, न चिरलेले भांडे मोडीच्या भावात किंवा त्याहून थोड्या अधिक किमतीत मिळत असेल तर ते निःशंकपणे घ्यावे, कारण उद्या ते नको झाले तरी आपले फारसे नुकसान होत नाही, आणि त्यात ज्या तांबटाने हजारो ठोके घालून आकार दिला त्याची मजुरी आपल्याला जवळजवळ फुकट मिळालेली असते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आजही हे काम हाताने चालते. एका घंगाळाला किती वेळ लागतो हे तेथे उभे राहून पाहिले की जुन्या बाजारातील किमतीकडे पाहण्याची आपली नजरच बदलते.

घाईचा तोटा मी स्वतः सोसलेला आहे. पावसाची सर आली म्हणून एकदा मी एक देखणे तांब्याचे घंगाळ उजेडात न धरताच घेतले. घरी पाणी भरल्यावर ते बुडाशी झिरपू लागले, आणि नीट पाहिले तेव्हा चीर लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली आणि वरून तांबडा रंग फिरवलेला दिसला. तेव्हापासून कोणतेही भांडे मी सूर्याकडे धरून आतून पाहतो, आणि विक्रेत्याची हरकत नसेल तर त्यात पाणी ओतूनही पाहतो. डाग दिलेले, म्हणजे चीर धातूने सांधलेले भांडे वाईट असते असे नाही. नीट दिलेला डाग वर्षानुवर्षे टिकतो, फक्त तो आहे हे ठाऊक असून त्याप्रमाणे किंमत ठरलेली असावी. आणि असे भांडे स्वयंपाकाला वापरायचे असेल तर आधी कल्हई करून घ्यावी, नाहीतर त्यात ठेवलेले ताक, आमटी किंवा चिंचेचे सार कळकते. कल्हईवाल्याला शुद्ध कथलाचीच कल्हई हवी असे स्पष्ट सांगावे, कारण स्वस्ताईसाठी कथलात शिसे मिसळले गेले तर ते अन्नात उतरते.

प्रश्न : आमच्या गावातील रद्दीच्या दुकानात मला किलोच्या भावाने मराठी पुस्तकांचा एक गठ्ठा मिळाला. काही पुस्तकांची पहिली पाने फाटलेली आहेत. ती किती जुनी आहेत आणि जपून ठेवण्याजोगी आहेत का, हे कसे ओळखावे? गठ्ठ्यात मोडी लिपीतील काही सुटे कागदही आहेत. — एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : आपले पत्र वाचून मनापासून आनंद झाला, कारण रद्दीच्या तराजूवरून परत आलेले प्रत्येक पुस्तक आम्हाला वाचलेल्या जिवासारखे वाटते. मुखपृष्ठ नसले तरी मराठी पुस्तकाचे वय सांगणाऱ्या खुणा अंगभर असतात. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा शकाचे वर्ष दिलेले असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे शके १८४५ हे १९२३ साल होय. पौष, माघ आणि फाल्गुन या महिन्यांतील प्रकाशन असेल तर बहुधा एक वर्ष अधिक धरावे लागते. त्यानंतर किंमत पाहावी. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे होते, त्यामुळे ‘किंमत २ रुपये ८ आणे’ असे छापलेले पुस्तक साधारणपणे त्याआधीचे असते. ‘नये पैसे’ हा शब्द दिसला तर ते १९५७ ते १९६४ या काळातील असण्याचा संभव फार मोठा, कारण १ जून १९६४ पासून ‘नये’ हे विशेषण गळाले.

किंमतही फाटून गेली असेल तर मजकुराकडे वळावे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लिखाणातून गेले. त्यामुळे ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘त्यांनीं’ असे शब्द पानोपानी दिसत असतील तर पुस्तक बहुतेक त्यापूर्वी छापलेले असते. ‘बहुतेक’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत, कारण काही प्रकाशकांनी आणि लेखकांनी जुनी पद्धत पुढेही चालू ठेवली होती, आणि जुन्या पुस्तकाच्या नव्या मुद्रणात जुनेच अनुस्वार तसेच राहिलेले आढळतात. एकच खूण धरून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन खुणा एकमेकींशी जुळल्या की वय ठरवावे.

किमतीच्या दृष्टीने पहिल्या आवृत्तीला अधिक मोल असते हे खरे, पण केवळ जुनेपणामुळे पुस्तक मोलाचे होत नाही. पुन्हा पुन्हा छापलेल्या धार्मिक पोथ्या शंभर वर्षांच्या असल्या तरी सहज मिळतात, आणि याउलट एखाद्या तालुक्याची माहिती देणारी, एखाद्या जातिसंस्थेची, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची किंवा स्थानिक पाककृतींची पन्नास वर्षांपूर्वीची पातळशी पुस्तिका कुठेच सापडत नाही. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या परिसरात किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलपाशी पदपथावरील पुस्तके चाळताना आम्ही जाडजूड, देखण्या बांधणीच्या ग्रंथांकडे न जाता आधी अशा पातळ पुस्तिकाच शोधतो, आणि अनपेक्षित म्हणावे असे लाभ आम्हाला त्यांतूनच झाले आहेत. आपला गठ्ठा इतर पुस्तकांत मिसळण्यापूर्वी काही आठवडे वेगळा ठेवावा, कसर आणि वाळवी आहे का ते पाहावे, मऊ ब्रशाने पाने झटकावीत आणि कडक उन्हात मुळीच ठेवू नये, कारण उन्हाने जुना कागद ठिसूळ होतो. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावण्याचा मोहही टाळावा. काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि अक्षरांसकट निघते.

मोडी कागदांबाबत मात्र कृपया एकही कपटा टाकू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून अशीच दप्तरे मिळवली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. वाड्यातील अडगळ समजले गेलेले कागदच पुढे इतिहासाची साधने ठरले. आपल्याकडील कागद जमिनीच्या व्यवहाराचे असोत की घरखर्चाचे, मोडी जाणणाऱ्याकडून ते एकदा वाचून घ्यावेत. ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखिते त्यांचे ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्व असेल तर १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याखाली येऊ शकतात. नाणी, मूर्ती आणि इतर वस्तूंना ही मर्यादा १०० वर्षांची आहे. पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे परदेशातील नातेवाइकांना भेट म्हणूनही ती पाठवू नये. या कायद्याची माहिती देताना नाण्यांविषयीही सांगून ठेवतो. एका बाजूला राम-सीता-हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे कोरलेली जी नाणी हजारो रुपयांना विकायला येतात, ती कधीही चलनात नव्हती. त्यांत पैसे घालू नयेत.

प्रश्न : आम्ही नुकतेच न्यू जर्सीला राहायला आलो आहोत. येथे शनिवारी सकाळी लोक आपल्या गॅरेजमध्ये आणि अंगणात घरातील वस्तू मांडून विकतात. यजमानांना संकोच वाटतो, मला मात्र जावेसे वाटते. मराठी घराला उपयोगी पडेल असे तेथे काही मिळते का? — एक वाचक, एडिसन

उत्तर : अवश्य जावे. या विक्रीत कोणीही कमीपणा मानत नाही. घर बदलताना, मुले मोठी झाल्यावर किंवा आईवडिलांचे घर आवरताना चांगल्या स्थितीतील वस्तू शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्याव्यात, अशी तेथली जुनी रीत आहे. संपूर्ण घराचे सामान विकले जाते त्याला ‘इस्टेट सेल’ म्हणतात. तेथे पहिल्या दिवशी सकाळी निवड अधिक असते, तर शेवटच्या दिवशी किमती पुष्कळदा निम्म्यावर येतात. ज्या वस्तूवर आपला जीव जडला असेल तिच्यासाठी लवकर जावे, आणि मिळाले तर घ्यावे अशा वस्तूंसाठी दुपार उलटल्यावर.

आपल्यासाठी सर्वांत मोठा लाभ म्हणजे बिडाचा तवा. पेनसिल्व्हेनियातील ईरी येथे ग्रिसवोल्ड आणि ओहायोतील सिडनी येथे वॅग्नर या कारखान्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बिडाची जी भांडी ओतली गेली, त्यांचा आतला पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला असे आणि ती आजच्या खरखरीत तव्यांपेक्षा हलकीही आहेत. अशा तव्यावर घावन आणि आंबोळी न चिकटता सुटते, थालीपीठ खमंग होते, आणि भाकरीलाही चांगली धग मिळते. संग्राहकांना या नावांची किंमत ठाऊक असते, पण अंगणात मांडलेल्या गंजलेल्या तव्याखाली कोणते नाव आहे हे विकणाऱ्याने पुष्कळदा पाहिलेलेच नसते, म्हणून तवा उलटा करून पाहण्याची सवय ठेवावी. गंजाला घाबरू नये. तो घासून निघतो, आणि नंतर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून ओव्हनमध्ये तीन-चार वेळा तापवले की तवा पुन्हा काळाभोर होतो. घाबरायचे ते चिरेला. लाकडी उलथन्याने ठोकून पाहावे, घंटेसारखा नाद आला तर तवा अखंड आहे. बूड वाकलेले असेल तर काचेच्या शेगडीवर तो डुगडुगतो, हेही सपाट जागी ठेवून पाहावे. एक सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. मासेमारीच्या गळाची वजने ओतण्यासाठी काही लोक जुन्या बिडाच्या भांड्यांत शिसे वितळवत असत, त्यामुळे करडा चकाकता थर दिसला तर ते भांडे सोडून द्यावे, आणि शंका असल्यास शिशाची तपासणी करण्याच्या कांड्या तेथील दुकानांत मिळतात त्या वापराव्यात.

लहान मूल असेल तर जुना पाळणा मात्र कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नये. एक बाजू खाली सरकणारे पाळणे अमेरिकेत जून २०११ पासून विकण्यास बंदी आहे, कारण त्यांत अडकून बाळे दगावली होती. रंगवलेली जुनी खेळणीही टाळावीत, कारण घरगुती रंगांत आणि खेळण्यांवर शिसेयुक्त रंग वापरण्यावर तेथे १९७८ साली निर्बंध आले, आणि त्याआधीची खेळणी मुले तोंडात घालतात तेव्हा धोका होतो.

प्रश्न : माझ्या वडिलांकडे होते तसे एचएमटीचे चावीचे घड्याळ जुन्या वस्तूंच्या दुकानात दिसले. घ्यावे का? तेथेच वापरलेले मोबाइलही स्वस्त आहेत. — एक वाचक, नाशिक

उत्तर : एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि ती यंत्रे इतकी साधी व मजबूत आहेत की चांगला घड्याळजी ती आजही चालू करून देतो. अडचण तबकडीची आहे. जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून ती ‘जुनी, न वापरलेली’ म्हणून विकली जातात. भडक रंग, किंचित फिसकटलेली अक्षरे, झिजलेल्या केसमध्ये कोरी करकरीत तबकडी अशी विसंगती दिसली तर समजून घ्यावे. वडिलांची आठवण म्हणून घ्यायचे असेल तर डागाळलेली पण मूळची तबकडी असलेले घड्याळ शोधावे, आणि पैसे देण्यापूर्वी मागचे झाकण उघडून दाखवण्यास सांगावे.

मोबाइल बिलाशिवाय घेऊ नये. *#०६# दाबल्यावर पडद्यावर येणारा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या संचाचा स्वतःचा ओळखक्रमांक, ‘केवायएम’ या अक्षरांपुढे एक जागा सोडून लिहावा आणि इंग्रजी अक्षर-अंकांत १४४२२ या क्रमांकावर संदेश पाठवावा, म्हणजे तो संच काळ्या यादीत आहे का ते कळते. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणे हा गुन्हा आहे, आणि न कळत घेतलेला संचही पोलिसांनी जप्त केला तर पैसे बुडतातच. वापरलेले हेल्मेटही घेऊ नये. एकदा आपटल्यावर आतला थर दबून निकामी झालेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

प्रश्न : आमच्या इमारतीतील एक वृद्ध बाई मुलाकडे कायमच्या राहायला जाण्यापूर्वी घरातील सामान विकत होत्या. त्यांनी सांगितलेल्या किमतीला मी दोन मोठी पितळी पातेली आणि एक शिसवी पेटी घेतली. नंतर एका जाणकाराने सांगितले की पेटीचीच किंमत मी दिलेल्या रकमेच्या कितीतरी पट आहे. मी फसवले नाही, पण मन स्वस्थ नाही. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण फसवले नाही हे आम्हालाही मान्य आहे. बाजारात बसणारा विक्रेता रोज वस्तू घेतो आणि विकतो, भाव ठरवणे हा त्याचा धंदा आहे, आणि त्याच्या नजरेतून सुटलेली वस्तू आपल्या पारखीमुळे मिळाली तर तो लाभ आपण आनंदाने घ्यावा. ज्या ढिगात त्याला काही दिसले नाही त्यातच पुढच्या वेळी आपल्या नजरेतून सुटलेले तो दुसऱ्याला विकेल. घर आवरणाऱ्या वृद्ध बाईंची गोष्ट निराळी आहे. त्यांना घाई होती, किंमत विचारायला जवळ कोणी नव्हते, आणि समोर ओळखीचा शेजारी होता, त्यामुळे त्यांनी घासाघीस केली नाही आणि आपणही केली नसावी.

म्हणून आम्हाला असे वाटते की आपण त्यांना फोन करावा आणि पेटीविषयी जे कळले ते जसेच्या तसे सांगावे. पेटी परत हवी असेल तर परत द्यावी, आणि नको असेल तर आपल्याला झेपेल अशी आणखी काही रक्कम पाठवावी. ती नेमकी किती असावी हे आम्ही येथून सांगू शकत नाही, ते आपल्या दोघांच्या बोलण्यातून ठरेल. फोन करण्यापूर्वी पातेल्यांचे काठ आणि कान उजेडात पाहून घ्यावेत. आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख ठिपक्यांनी कोरून घालण्याची पद्धत होती. असे काही नाव दिसले तर ते त्यांना वाचून दाखवावे. निघण्याच्या गडबडीत आईच्या किंवा मामांच्या नावाचे भांडे हातून गेल्याचे त्यांच्या लक्षातही आले नसेल, आणि तेवढे एक पातेले त्यांना परत हवे असू शकेल.